टोफेलला १०३, फळ्यापुढे नापास

ऑगस्टचा तिसरा आठवडा आला की आमच्या मजल्यावर परीक्षेची रांग लागते. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत मी परदेशी टीएंना, म्हणजे टीचिंग असिस्टंटना, इंग्रजी शिकवते. पीएचडीला आलेल्या मुलाला विभाग टीएशिप देतो. आठवड्याला २० तास काम करायचं, त्याबदल्यात ट्यूशन माफ आणि महिन्याला स्टायपेंड. एफ-वन व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही. म्हणून ही टीएशिप म्हणजेच त्याचं घरभाडं, त्याचा किराणा आणि घरच्यांना फोनवर सांगायचं 'सगळं ठीक आहे'. पण वर्ग हातात येण्याआधी बोलण्याची परीक्षा द्यावी लागते.

ही परीक्षा कुणा प्राध्यापकाची लहर नव्हे. १९८० च्या दशकात पदवीच्या मुलांच्या आणि पालकांच्या तक्रारी वाढत गेल्या की शिकवणाऱ्याचं इंग्रजी कळत नाही. फ्लोरिडा, ओहायो, टेक्सास, इलिनॉय अशा राज्यांनी त्यावर कायदे केले. पेनसिल्व्हेनियाने १९९० मध्ये केला. शिकवणाऱ्याला इंग्रजी नीट बोलता येतं याची हमी युनिव्हर्सिटीने द्यायची. मग परीक्षा आल्या. बरीच वर्षं ईटीएसची, म्हणजे टोफेल घेणाऱ्या संस्थेची, 'स्पीक' नावाची टेपवरची परीक्षा चालायची. पुढे पर्ड्यूसारख्या युनिव्हर्सिट्यांनी स्वतःच्या बनवल्या. आमच्याकडे आठ मिनिटांचा खोटा तास असतो: समोर दोन परीक्षक आणि विद्यार्थी म्हणून बसलेली पदवीची दोन मुलं.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये या खोट्या तासाला एक मराठी मुलगा नापास झाला, त्याचं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही बारीक तपशील बदलले आहेत. नाव देत नाही.

फाइलमध्ये काय होतं

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावचा. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढे आठवीपासून सेमी-इंग्लिश, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्या सुरुवातीच्या मुलांपैकी हा एक. मग पुण्यात बीएस्सी आणि एमएस्सी, गणितात. टोफेलला, म्हणजे परदेशी प्रवेशासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेला, १२० पैकी १०३: वाचन २९, ऐकणं २८, लेखन २४, बोलणं २२. तेव्हा आमच्याकडे बोलण्यात २६ असतील तर परीक्षा माफ व्हायची. याला चार कमी पडले.

कागदावर पाहिलं तर किरकोळ काम. व्याकरण पक्कं, शब्दसंग्रह भरपूर, उच्चारही ऐकायला वाईट नाहीत. परीक्षकांच्या शेऱ्यात मात्र एकच वाक्य दोघांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं होतं: वाक्यं बरोबर आहेत, पण त्यात महत्त्वाचं काय ते कळत नाही.

मी त्या तासाचं रेकॉर्डिंग पाहिलं. विषय होता चेन रूल, म्हणजे एका फंक्शनच्या आत दुसरं फंक्शन असलं की त्याचा डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढायचा नियम. आठ मिनिटांचा तास त्याने पावणेपाचमध्ये संपवला, त्यातली निम्मी वेळ फळ्याकडे तोंड करून. मध्ये एका मुलीने विचारलं की आतलं फंक्शन कोणतं हे ओळखायचं कसं. त्याने हसून मान दोन्ही बाजूंना डोलवली, आपल्याकडे 'हो हो' म्हणताना डोलवतो तशी, आणि भलत्याच प्रश्नाचं एक लांब, व्याकरणशुद्ध उत्तर दिलं. मुलीने वहीत काहीही लिहिलं नाही. मानेकडे पाहून तिला वाटलं असावं की हा 'नाही' म्हणतोय.

निकाल असा लागला की सत्रभर वर्ग नाही, फक्त पेपर तपासायचे. आठवड्यातून दोनदा माझा कोर्स आणि डिसेंबरमध्ये पुन्हा परीक्षा. तेव्हाही नापास झाला तर पुढच्या वर्षीच्या पैशांबद्दल विभाग 'विचार करेल'. या वाक्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो.

पहिल्या भेटीला तो माझ्या ऑफिसच्या दारात उभा राहिला आणि आत या म्हणेपर्यंत आला नाही. "मॅडम, माझं इंग्लिश खराब आहे का? टोफेलला तर…" हे त्याने इंग्रजीत विचारलं. मी मराठीत उत्तर दिल्यावर तो इतका दचकला की बसायचंच विसरला.

चार आठवडे मी वाया घालवले

हे आधीच सांगून टाकते. मी सुरुवात केली ती 'व' पासून. मराठीत 'व' एकच, इंग्रजीत दोन: एक ओठ गोल करून, दुसरा वरचे दात खालच्या ओठावर टेकवून. वेक्टर, व्हेरिएबल, व्हॅल्यू, वन, व्हाय. आरसा समोर ठेवून सराव घेतला. मुलगा कष्टाळू, ओठ दुखेस्तोवर करायचा. चौथ्या आठवड्यात त्याचे दोन्ही 'व' चांगले निघू लागले आणि वर्गात तो पूर्वीइतकाच अगम्य राहिला.

मला हे आधी कळायला हवं होतं. मन्रो आणि डरविंग या कॅनडातल्या संशोधकांनी १९९५ मध्येच दाखवलं होतं की परका हेल जाणवणं वेगळं आणि बोललेलं न कळणं वेगळं. जड हेलातलंही बोलणं पूर्ण कळू शकतं. पण शिकवणाऱ्याला दिसेल ती चूक धरायची सवय असते, आणि 'व' लगेच दिसतो.

त्या चार आठवड्यांतली एकच गोष्ट कामाची ठरली, ती 'प'ची. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा 'प' थोडी हवा सोडून म्हणतात. आपला 'प' कोरडा, त्यामुळे अमेरिकन कानाला तो 'ब' वाटतो. हा 'टू पाय' म्हणायचा आणि मुलांना 'टू बाय' ऐकू यायचं. वर्तुळाच्या गणितात हे फार महागात पडतं. याला उपाय मराठीतच आहे, कारण महाप्राण, म्हणजे ख, ठ, फ अशी हवा सोडून म्हणायची अक्षरं, आपल्याकडे आयती आहेत. मी म्हटलं, पाय म्हणू नकोस, ओठ मिटून आजीसारखा 'फ' काढ आणि 'फाय' म्हण. टाइम नाही, 'ठाइम'. कॅल्क्युलस नाही, 'खॅल्क्युलस'. तो आधी खूप हसला. दोन दिवसांत जमलं.

'च' सापडला

पाचव्या आठवड्यात मी कंटाळून पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "इंग्रजी सोड. तुझ्या बहिणीला चेन रूल समजावून सांग. मराठीत."

तो खुर्चीत पुढे सरकला. "अगं, आधी बाहेरच्याचा डेरिव्हेटिव्ह घे. आत काय आहे त्याला हातच लावू नको. मग आतल्याचा घे आणि त्यानं गुण. गुणायचंच. सगळे तिथंच चुकतात."

हे मी रेकॉर्ड केलं होतं. पाच-सहा छोटी वाक्यं, त्यांत तीन 'च'. ते तीन 'च' म्हणजेच सगळा चेन रूल: हात लावू नको, गुणायला विसरू नको, चूक इथे होते. मग म्हटलं, आता हेच इंग्रजीत सांग. त्याने शेवटाकडे येता येता म्हटलं, "यू हॅव टू मल्टिप्लाय ओन्ली."

भारतीय कानाला हे बरोबर वाटतं. आपला 'च' आपण 'ओन्ली' करून वाक्यात ठेवतो. अमेरिकन मुलाला मात्र यातून कळतं 'फक्त गुणायचं, बाकी काही करायचं नाही'. म्हणजे डेरिव्हेटिव्ह घ्यायचीही गरज नाही. शिकवणारा एक नियम सांगतोय आणि वहीत दुसराच उतरतोय.

प्रश्न उच्चाराचा नव्हता. मराठीत वाक्यातली महत्त्वाची जागा दाखवायला आपल्याकडे शब्द आहेत: च, तर, सुद्धा, पण. शिवाय शब्दांचा क्रम हलवता येतो. आवाज सपाट ठेवला तरी चालतं, कारण 'च' आपलं काम करतो. इंग्रजीत हे काम बरंचसं आवाजच करतो. महत्त्वाचा शब्द उंच, लांब आणि ठसठशीत निघतो, बाकीचे आकसतात. 'यू हॅव टू मल्टिप्लाय' यात 'हॅव'वर जोर दिला की झालं, तोच 'गुणायचंच'. हा मुलगा इंग्रजीत बोलताना 'च' एकतर गाळत होता, नाहीतर त्याच्या जागी 'ओन्ली' ठेवत होता. आवाजाचा जोर कुठेच देत नव्हता. परीक्षकांचं वाक्य मला आता कळलं.

लॉरा हान या संशोधिकेने २००४ मध्ये हे नेमकं मोजलं. एकाच कोरियन वक्त्याचं छोटं व्याख्यान तीन तऱ्हांनी ऐकवलं: जोर योग्य जागी, जोर चुकीच्या जागी आणि जोर कुठेच नाही. योग्य जागी जोर असलेलं ज्यांनी ऐकलं, त्यांच्या लक्षात मजकूर जास्त राहिला. हा निबंध मी दर वर्षी शिकवते. मराठी मुलाला तो 'च'च्या वाटेने सांगता येईल हे मात्र मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं.

मग आमची पद्धत ठरली. आधी तास मराठीत सांगायचा. जिथे जिथे 'च' किंवा 'तर' येईल तिथे कागदावर लाल टिंब काढायचं. इंग्रजीत बोलताना टिंबावर आवाज चढवायचा आणि 'ओन्ली' तोंडातून काढायचा नाही. शब्दाच्या आतही हेच. 'डेरिव्हेटिव्ह' आपण 'व्हे'वर रेटतो. अमेरिकन 'रि'वर जोर देतात आणि पुढचा 'व्हे' जवळजवळ गिळतात: 'डरिव्हटिव्ह'. 'पॅरामीटर'मध्ये जोर 'रॅ'वर येतो आणि 'पॅ'चा होतो नुसता 'प'. कॅल्क्युलसच्या एका तासात 'डेरिव्हेटिव्ह' कमीत कमी ४० वेळा येतो. तो एक शब्द सुधारला की अर्धा तास सुधारतो.

आमचा कोर्स इंग्रजीतूनच चालावा असा दंडक आहे. एका सहकारिणीने यावर भुवई उंचावली. मी तिला लाल टिंबांचा कागद दाखवला. पटलं असं म्हणणार नाही, पण ती पुढे काही बोलली नाही.

प्रश्न कळला नाही, हे सांगायचं कसं

दुसरी अडचण जास्त खोल होती. आपल्या शाळेतलं इंग्रजी म्हणजे उत्तरांचं इंग्रजी. प्रश्नपत्रिका विचारते, आपण उत्तर देतो. टोफेलमध्येही तेव्हा समोर माणूस नसायचा: मायक्रोफोन, ४५ किंवा ६० सेकंद आणि घड्याळ. त्यात याचे २२ आले ते त्यामुळेच. जिवंत माणूस मध्येच "वेट, व्हॉट?" म्हणाला की याचा बांध फुटायचा. त्याला तो उद्धटपणा वाटायचा. मुलं पहिल्या नावाने हाक मारतात, पाय समोरच्या खुर्चीवर टाकून बसतात आणि वर मास्तरला थांबवतात.

मी विचारलं, "त्या मुलीचा प्रश्न तुला कळला होता का?"

"नाही."

"मग पुन्हा का नाही विचारलंस?"

तो जरा वेळ गप्प बसला. "मॅडम, आमच्या सरांना प्रश्न कळला नाही असं कधी झालंच नाही." मग त्याने स्वतःच पुस्ती जोडली, "म्हणजे आम्ही विचारतच नव्हतो."

ऑक्टोबर त्यात गेला. पहिलं काम, प्रश्न आला की तोच उलटून म्हणायचा: "सो यू आर आस्किंग हाउ टू…" याने विचार करायला वेळ मिळतो आणि चुकीचं ऐकलं असेल तर मूल तिथेच दुरुस्त करतं. दुसरं, 'एनी डाऊट्स?' बंद. इथे 'डाऊट' म्हणजे अविश्वास, त्याला उत्तर काय देणार! 'क्वेश्चन्स?' म्हणायचं आणि मग गप्प उभं राहायचं, मनात सहा मोजायचे. ते सहा सेकंद त्याला फार जड जायचे. तिसरं, 'अंडरस्टूड?' पूर्ण बंद. शाळेत आपल्याला ते मायेचं वाटतं, अमेरिकन मुलाला हवालदाराचं.

डोलणाऱ्या मानेचं काही केलं नाही. एकदा व्हिडिओ दाखवला. त्याला स्वतःची मान पाहून इतका धक्का बसला की तोच पुरला.

जे मला ऐकूच आलं नाही

डिसेंबरला तो पास झाला. पूर्ण नाही, अटीवर: वसंत सत्रात दोन तुकड्या मिळतील, पण महिन्यातून एकदा कुणीतरी मागे बसून पाहील. जानेवारीत सकाळी आठची आणि दहाची अशा रेसिटेशनच्या तुकड्या मिळाल्या. रेसिटेशन म्हणजे मोठ्या व्याख्यानानंतर छोट्या गटात गणितं सोडवण्याचा तास.

दुसऱ्या आठवड्यात पाहायला गेली ती माझी अमेरिकन सहकारी. परत येऊन तिने विचारलं, "तो गुणाकाराला भागाकार का म्हणतो?"

मला कळेना. तिने वहीतून वाचून दाखवलं. ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे मुलांनी येऊन शंका विचारायच्या वेळेत, एक मुलगी मान खाली घालून लिहीत होती आणि हा तोंडी सांगत होता, "थ्री इनटू ट्वेल्व्ह." तिने लिहिलं ४. आपल्याकडे 'तीन इनटू बारा' म्हणजे छत्तीस. अमेरिकेत मूल प्राथमिक शाळेत शिकतं की तीन बारामध्ये किती वेळा जातात, 'थ्री गोज इनटू ट्वेल्व्ह', म्हणून 'इनटू' म्हटलं की भागाकार. गुणाकाराला 'टाइम्स'. मुलीला वाटलं आपण मठ्ठ, याला वाटलं मुलगी मठ्ठ.

हा 'इनटू' तो चार महिने माझ्यासमोर म्हणत होता. मी एकदाही टोकलं नाही, कारण मीही तसंच शिकले आहे. माझ्या कानाला तिथे चूक ऐकूच आली नाही. मी मराठी असल्याचा या मुलाला फायदा झाला असं मला वाटत होतं. झालाही. पण त्याच कानामुळे वर्गातली सगळ्यात धोक्याची चूक निसटली.

मग आम्ही तिघांनी बसून यादी केली. भागिलेला 'बाय' नाही, 'ओव्हर'. 'डीवाय बाय डीएक्स' नाही, नुसतं 'डीवाय डीएक्स'. गोल कंसाला 'ब्रॅकेट' नाही, 'पॅरेंथिसिस'. झेड नाही, 'झी'. बोडमास इथे कुणाला माहीत नाही, त्यांचं पेमडास. आणि नॅचरल लॉगला (चिन्ह ln) आपण 'लॉन' म्हणतो. अमेरिकन मुलांना ऐकू येतं हिरवळ. एका मुलाने परीक्षेच्या उजळणीत चक्क गवताचं चित्र काढलं होतं. सहकारी हसत होती. हा हसला नाही, त्याने ते चित्र मागून घेतलं आणि स्वतःच्या टेबलावर चिकटवलं.

दोन तुकड्या, एक शिक्षक

सत्राच्या शेवटी मुलांचे अभिप्राय आले. आठच्या तुकडीतल्या तिघांनी लिहिलं की उच्चार कळत नाहीत. दहाच्या तुकडीतल्या एकानेही नाही. तोच माणूस, तेच गणित, त्याच दिवशी.

अशा वेळी मला डोनाल्ड रूबिनचा १९९२ चा प्रयोग आठवतो. पदवीच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी मातृभाषा असलेल्या बाईंचं एकच ध्वनिमुद्रण ऐकवलं. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना मुद्रणात नसलेला हेल ऐकू आला, आणि त्यांना मजकूरही कमी कळला. म्हणून 'कळत नाही' या तक्रारीतला काही वाटा ऐकणाऱ्याचाही असतो. आमच्या कायद्यांनी आणि परीक्षांनी तो वाटा कधी मोजला नाही. सगळा भार बोलणाऱ्यावर.

पण या प्रकरणात ते तिघे पूर्वग्रहाचे होते असं मी म्हणणार नाही. आठच्या तासाला तो प्रत्येक धडा पहिल्यांदा शिकवत होता, दहाच्या वेळी दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी टिंबं विसरायची, आवाज सपाट व्हायचा. शिवाय सकाळी आठला अठरा वर्षांच्या मुलाला कुणाचंच काही कळत नाही. मी त्याला सुचवलं की आदल्या रात्री रिकाम्या वर्गात एकदा तास घेऊन बघ. त्याने रूममेटला पकडलं. तो तेलुगू, रसायनशास्त्रातला, चेन रूल कधीच विसरलेला. चांगला विद्यार्थी मिळाला.

विभागाने पुढच्या वर्षाची टीएशिप दिली. फाइलमधली माझी शेवटची नोंद मे महिन्यातली आहे: प्रश्न उलटून विचारतो, सहज. 'टाइम्स' पक्का. 'ओन्ली' दमल्यावरच येतो. दोन मुलं एकदम बोलली की अजून गोंधळतो. 'लॉन' जात नाही.